ओटीतली नागली

गेल्या वर्षी ८ जुलै रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी जयंताचा फोन आला. मी दाढी करीत होतो.

“काका, राब गेला.”

“किती?”

“सगळाच धरा. काकी पहाटेपासून वाफ्याशी बसलीय. चहासुद्धा घेतला नाही.”

“मी येतो.”

“तुम्ही कशाला? तुमचं शूटिंग अजून पंधरा दिवसांनी आहे.”

“येतो,” एवढे म्हणून मी फोन ठेवला आणि दाढी पुरी केली.

राब म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. सुरगाण्याच्या डोंगरात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, बी एकदम शेतात पेरीत नाहीत. एका लहान वाफ्यात उन्हाळ्यात शेण, गवत आणि पालापाचोळा पसरून तो भाजतात. त्याने तणाचे बी मरते. सुरुवातीचा पाऊस पडून गेला की त्या भाजलेल्या मातीवर बी हाताने फोकतात, म्हणजे मूठ भरून फेकतात. महिनाभराने रोपे उपटून शेतभर लावतात. तो वाफा म्हणजे राब. राब गेला म्हणजे ते वर्ष गेले. बी शिल्लक असेल तर पुन्हा फोकता येते. येथे बी शिल्लक नव्हते, आणि ते का शिल्लक नव्हते, याचे खरे कारण त्या दुपारपर्यंत फक्त मला ठाऊक होते.

मी माहितीपटांचा कॅमेरामन. हे काम बेचाळीस वर्षे केले. आरंभीची वर्षे सरकारी खात्यासाठी, नंतर जो बोलावील त्याच्यासाठी. लग्नसमारंभ कधी घेतले नाहीत. धरणे, कालवे, द्राक्षे, कांदा, जनावरांचे रोग, असे नाशिक जिल्ह्यात जमिनीतून जे निघते किंवा जमिनीत जे जिरते, त्यातले बहुतेक माझ्या कॅमेऱ्यासमोरून गेले आहे.

लोकांना वाटते, माहितीपटाचा कॅमेरामन समोर घडेल ते टिपतो. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे तो पुन्हा घडवून आणतो. एखादा शेतकरी बांधावरून चालत येतो, त्याची सावली नको तिथे पडते, आपण म्हणतो, “पुन्हा एकदा या.” तो मागे जातो आणि पुन्हा येतो. याला रीटेक म्हणतात. माहितीपटात रीटेक नसतात असे ज्यांना वाटते, त्यांच्या समाधानाला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही.

विंचूरकडच्या एका द्राक्षबागायतदाराने एकदा, पुढच्या वेली भरलेल्या दिसाव्यात म्हणून, मागच्या ओळीतले सात घड आणून तिथे दोऱ्याने बांधले. मी म्हणालो, दोरा दिसतो आहे. त्याने हिरवा दोरा आणला. तोही दिसतो म्हटल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुमचा कॅमेरा लय चौकस हाय. जरा लांबून घ्या की.” मी लांबून घेतले. ते चित्र पुढे एका मेळाव्यात तीन दिवस मोठ्या पडद्यावर चालले आणि त्या बागेची वाखाणणी झाली. मला त्याचे काही वाटले नाही. द्राक्षे खरी होती. दोराही खरा होता.

मात्र एक नियम मी पहिल्यापासून पाळला. जे पुन्हा होते तसे करता येते, तेच माणसाला पुन्हा करायला सांगायचे. चालणे पुन्हा करता येते, दार पुन्हा उघडता येते. गाय एकदाच विते. झाड एकदाच पडते. विहिरीला पहिले पाणी एकदाच लागते. असा क्षण हुकला तर हुकला म्हणून सांगायचे आणि दिग्दर्शकाचे बोलणे खायचे. हा नियम मी हाताखालच्या दहा-बारा सहायकांना शिकवला. स्वतः तो एकदाच मोडला.

जयंता मूळचा सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. सातपूरच्या एका कारखान्यात तो बावीस वर्षे फिटर होता. वडील गेल्यावर नोकरी सोडून तो घरच्या साडेचार एकरांवर परत गेला. जमीन उताराची. माती धुपून गेलेली, मुरूम उघडा पडलेला. या उतारावर पाणी अडवायचे, झाडे वाढवायची, विकतचे खत आणि औषध शिवू द्यायचे नाही, आणि डोंगरातले जुने बियाणे पुन्हा उभे करायचे, असा त्याचा बेत होता. केतकी नावाच्या नाशिकच्याच एका दिग्दर्शिकेने त्यावर तीन वर्षांचा माहितीपट हाती घेतला. तिने मला विचारले तेव्हा मी काम बंद करून दोन वर्षे झाली होती. मी हो म्हणालो. घरी बसून माणूस बिघडतो.

शेत उभे राहताना चित्रित करणे हे कंटाळ्याचे काम आहे. उतारावर चार ठिकाणी मी खुणेचे दगड पुरले होते. दर महिन्याला त्याच दगडावर, त्याच उंचीला, त्याच वेळी कॅमेरा लावायचा. पहिले वर्षभर हाती काही लागत नाही. चौदा-पंधरा महिन्यांची चित्रे एकापाठोपाठ लावली की मग मुरमावर गवत चढताना दिसते. केतकी ते पाहून टाळ्या वाजवीत असे. जयंता नुसता “हं” म्हणे. बांधाचे दगड त्याने वाहिले होते.

जयंताच्या काकी, यमुनाबाई, सत्तरीच्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्यांच्याजवळ त्या घराची हळवी नागली होती. हळवी म्हणजे लवकर पिकणारी. उथळ मुरमातही ती उभी राही. पाड्यावर बाकीच्यांनी दुकानाचे बी धरले होते, काहींनी नागलीच सोडली होती. आदल्या वर्षी यमुनाबाई आजारी पडल्या आणि त्यांचा पेरा नावापुरता झाला. त्यातून उरले ते दोन मुठी बी. जयंताच्या बियाण्याच्या साऱ्या बेताची सुरुवात त्या दोन मुठींपासून होणार होती.

मे महिन्यात राब भाजण्यावरून काकी-पुतण्याचे भांडण झाले. ते आम्ही पूर्ण घेतले आहे.

“काकी, पाला जाळायचा नाही. माती मरते.”

“साठ वरसं भाजते मी मातीला. मेली का?”

“मेली म्हणून तर नोकरी सोडून आलो ना!”

“तू पोट सुटलं म्हणून आला.”

“काकी, कॅमेरा चालू आहे.”

“असू दे. पोट काय त्याला दिसत नाय व्हय?”

शेवटी एक लहान वाफा भाजायचा आणि बाकी उतारावर कोठेही आग लावायची नाही, असा तह झाला. दोघेही हरल्यासारखे तोंड करून बसले, तेव्हा तह योग्य असावा असे मला वाटले.

१२ जूनला बी फोकायचे ठरले. आधीचे दोन दिवस पाऊस झाला होता. सकाळचा प्रकाश चांगला होता. यमुनाबाई वाफ्याच्या कडेला टोपली घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर खोचला.

आताच्या कॅमेऱ्याला चालू-बंदचे बटण एकच असते. एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. चालू असताना चौकटीच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसतो. मी खबरदारी म्हणून त्या पदर खोचीत असतानाच बटण दाबले. मग त्या वाकल्या, मूठ भरली, आणि आता सुरू करावे म्हणून मी पुन्हा दाबले. त्या फोकीत होत्या तेवढा वेळ मी अतिशय काळजीपूर्वक बंद कॅमेऱ्यातून पाहत होतो. ठिपक्याकडे पाहण्याची मला सवय नव्हती. इतक्या वर्षांत ते बोटाला कळत असे. त्या दिवशी बोटाला कळले नाही.

टोपली रिकामी झाली. केतकी म्हणाली, “फारच सुंदर! काका, मिळालं ना?”

मी खाली पाहिले आणि काय झाले ते समजलो. तेव्हा एक वाक्य बोलायचे होते. त्याऐवजी मी वर पाहिले. आकाशात एक ढग होता.

“लाइट गेला,” मी म्हणालो. “मध्येच ढग आला. पुन्हा घ्यावे लागेल.”

“पेरलं ना आता,” यमुनाबाई म्हणाल्या. “परत काय पेरू?”

“नुसता हात फिरवला तर?” केतकीने मला विचारले.

“रिकामा हात दिसतो.”

“वाळू घेऊ,” जयंता म्हणाला.

“वाळू वाळूसारखी पडते. दाणा दाण्यासारखा पडतो.”

हे खरे होते. एक खोटे झाकायचे असले की माणूस त्याच्या आजूबाजूचे खरे फार आवर्जून बोलतो.

यमुनाबाईंचा हात ओटीवर गेला. कमरेशी लुगड्याच्या घडीत एक गाठ होती.

“ही नाय सोडायची,” त्या म्हणाल्या. “अर्धं टोपलीत, अर्धं ओटीत. सासूनं घालून दिलेलं हाय. रोपं लावणीला आली का मंग गाठ सोडायची, तोवर नाय. पाऊस दगा देतो, बाबा.”

केतकी लगेच म्हणाली, “मग राहू दे. काका, खरंच राहू दे. पहिला टेक थोडा अंधारा असला तरी चालेल. मी संगणकावर उजळ करून घेईन. बघू, दाखवा.”

पहिला टेक नव्हताच. दाखविण्यासारखे होते ते यमुनाबाईंचे सहा सेकंद पदर खोचणे.

“नाही उजळणार,” मी म्हणालो.

यमुनाबाईंनी केतकीकडे पाहिले नाही, जयंताकडेही नाही. माझ्याकडे पाहिले.

“बाबा, तुमी पिकलेलं माणूस. खरंच लागतं का?”

“लागते.”

त्यांनी गाठ सोडली.

दुसरा टेक उत्तम आला. मूठ उघडते, दाणे हवेत पसरतात, आणि क्षणभर प्रत्येक दाणा सुटा दिसतो. बेचाळीस वर्षांतल्या माझ्या चांगल्या चित्रांत त्याची गणना करावी लागेल. चित्रीकरणाची कार्डे माझ्याकडेच राहत, त्यामुळे पहिल्या टेकचे काय झाले हे केतकीला तेव्हा कळले नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस पाऊस आला आणि थांबला. तीन आठवडे आला नाही. जयंताने विहिरीतले पाणी पुरवून पाहिले. ते झाडांनाच अपुरे होते. मी नाशिकला बसून रोज आकाश पाहत होतो. अर्धे बी ओटीत असते तर पाऊस येताच ते पुन्हा फोकता आले असते.

८ जुलैला दाढी आटोपून निघालो. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा पंचवीस मिनिटे अडकली. वणीपर्यंत बस, पुढे बोरगावपर्यंत जीप, तेथून जयंताची मोटारसायकल. दीड वाजता पोचलो तर केतकी आधीच आली होती. जयंताने तिलाही कळविले होते, आणि ती स्वतःचा लहान कॅमेरा घेऊन आली होती. तिला दोष देता येणार नाही. संकट आले की माहितीपटाला बरे दिवस येतात. हे मीच तिला कधीतरी सांगितले होते.

वाफा पिवळा पडला होता. रोपे आतापर्यंत वीतभर व्हायला हवी होती. ती बोटभर होऊन करपली होती. शिवाय दाटी होती. एका मुठीच्या जागेत दोन मुठींचे बी पडले होते.

“या, बाबा,” यमुनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तुमच्या फोटोत हाय ना सारं बी? तिथून मूठभर काढून द्या.”

मी उभाच राहिलो. खाली बसलो असतो तर बोलणे झाले नसते.

“यमुनाबाई, त्या दिवशी लाइट गेला नव्हता. माझ्या हातून कॅमेरा बंद राहिला. तुमची पहिली मूठ घेतलीच गेली नाही. ते झाकण्यासाठी मी तुमची गाठ सोडायला लावली.”

मग केतकीचा हळू आवाज आला, “काका, मी रेकॉर्ड करत नव्हते.”

“बरे झाले.”

“म्हंजे ढग खोटा?” यमुनाबाईंनी विचारले.

“ढग होता. कारण खोटे होते.”

“मंग तवाच का नाय बोलला? मी काय मारणार व्हते तुमाला?”

“नाही.”

“मंग?”

बेचाळीस वर्षे, असे उत्तर माझ्या मनात आले. ते मोठ्याने बोलण्यासारखे नव्हते.

जयंता बांधावर बसला होता. तो म्हणाला, “काका, कारखान्यात आमच्या हातून माल बिघडला तर त्यावर लाल चिठ्ठी लावायची, स्वतःचं नाव लिहून. त्याला कोणी काही म्हणत नसे. लपवला तर मात्र घरी पाठवायचे.”

“मग मलाही पाठव.”

“पाठवणारच होतो. पण बी काकीचं आहे. ती सांगेल.”

यमुनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, त्याला वेळ लागला. वाफ्याच्या खालच्या अंगाला जयंताने रचलेला दगडी बांध होता. त्याच्या सावलीला त्या वाकल्या आणि करपलेली रोपे हाताने बाजूला करू लागल्या.

“इथं बघा. थोडी जित्ती हायती.” मग जयंताकडे वळून, “तुझं दगड कामाला आलं रे एकदाचं.”

“एकदाचं?” जयंता म्हणाला. “दोन वर्षं रचतोय मी!”

“रचतो आन् मोजतो. ऊठ, कुदळ आण. आन् तुमी, बाबा, तुमाला घरी कोण पाठवतं? तुमी बी काम करायचं.”

मी बाह्या वर केल्या. केतकीने कॅमेरा पिशवीत ठेवला, बहुधा आम्हा दोघांच्या व्यवसायाच्या दृष्टीने चुकीच्या वेळी.

विहिरीजवळ जांभळाच्या सावलीत जयंताने हातभर रुंदीचा वाफा खणला. केतकीने कळशीने पाणी आणले. यमुनाबाई जिवंत रोप एकेक करून काडीने उकरीत आणि मुळाच्या मातीसकट माझ्या तळहातावर ठेवीत. मी ते नेऊन खड्ड्यात बसवायचे. पहिलीच दोन रोपे मी दाबून मोडली.

“अंगठ्यानं दाबू नका,” त्या ओरडल्या. “बटण नाय ते!”

जयंता हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा हसला. मी हसलो नाही, पण पुढची रोपे नीट बसवली. माझे गुडघे चांगले नाहीत. प्रत्येक वेळी उठण्याऐवजी मी सरकत गेलो. काही ओळी वाकड्या झाल्या. यमुनाबाईंनी त्या पाहिल्या आणि तशाच राहू दिल्या.

पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो. लावलेल्यांपैकी तीसेक रोपे जगली. दिवाळीच्या आधी त्यांची कणसे कापली. नारळाच्या एका करवंटीत बसेल इतके बी निघाले. यमुनाबाईंनी त्यातले खायला एक दाणाही काढला नाही. यंदा ते पेरले, अर्धेच. पेरताना मी तेथे होतो. कॅमेरा नेला नव्हता.

माहितीपट या हिवाळ्यात पुरा होईल. केतकीने दुसरी मूठ चित्रपटात ठेवली आहे. त्याआधी तिने ते सहा सेकंद लावले आहेत, यमुनाबाई पदर खोचतात तेवढेच. त्यानंतर पडदा काळा होतो, त्यांनी पहिली मूठ फोकली असेल तितका वेळ, आणि त्या काळोखावर काय घडले ते माझ्याच आवाजात सांगितले आहे. चार वाक्ये आहेत. कच्ची प्रत ज्यांना दाखवली त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी पडदा काळा होताच उठून प्रोजेक्टर तपासला. हा भाग काढून टाकावा असे मी केतकीला सुचविले नाही.

त्या दिवशी पाचच्या पुढे लावणी संपली. नाशिककडे जाणारी शेवटची जीप सहाला बोरगावहून सुटणार होती. जयंता मोटारसायकल काढायला गेला. पाड्यावरच्या कोंबड्या तेवढ्यात वाफ्याकडे येऊ लागल्या होत्या. यमुनाबाईंनी मला करवंदीच्या काट्या आणायला सांगितल्या.

“बुडखा रोपांकडं, शेंडा बाहेर,” त्या म्हणाल्या. “कोंबडी शेंड्याला भिते.” मग त्या केतकीला घेऊन चहा करायला घरात गेल्या.

मी काट्या ओढून आणल्या आणि वाफ्याभोवती एकेक रोवीत गेलो. हातावर दोन-तीन ठिकाणी ओरखडे आले. फेरी पुरी झाल्यावर मागे होऊन पाहिले. विहिरीच्या बाजूची एक काटी उलटी बसली होती. शेंडा रोपांकडे होता. तेथे कोणी नव्हते, आणि बाहेरून ते सहज दिसलेही नसते. जयंताने खालून हॉर्न वाजवला. मी वाकून ती काटी उपटली, फिरवली आणि नीट रोवली.